पिशवीतला पाच पोर्टांचा स्विच : प्रिंटर बिघडलाय की नेटवर्क, हे तो कसं शोधून देतो?

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की पातूर सोडल्यावर आणि मालेगावच्या अलीकडे मेडशी लागतं. (हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे.) अकोला-वाशिम महामार्गाच्या चौपदरीकरणाचे अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशिम असे दोन टप्पे पाडले होते. यावरून गाव रस्त्यात कुठे आहे याचा अंदाज यावा. कॉम्प्युटरचं काही बिघडलं तर माणूस बोलवायचा तो वाशिमहून नाहीतर अकोल्याहून.

आता अशा गावातलं कुठलंही ऑफिस डोळ्यासमोर आणा. ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, काहीही चालेल. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स-कम-प्रिंटर, कोपऱ्यात राउटर, भिंतीवर दोन-चार कॅमेरे. सकाळी अकराच्या सुमारास प्रिंटर रुसतो. बाहेर दाखल्यासाठी माणसं उभी असतात आणि आतून फोन जातो, "दादा, प्रिंटर बिघडला, लवकर या."

दादा गाडीवर येतात. प्रिंटरवरचं बटण दाबून टेस्ट पेज काढतात, तर ते झकास निघतं. कॉम्प्युटरवरून दिलेली प्रिंट मात्र निघत नाही. इथून खरी गंमत सुरू होते. प्रिंटरवाला म्हणतो नेटवर्क बघा. नेटवाला म्हणतो आमच्याकडून लाइन चालू आहे, तुम्ही प्रिंटर बघा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि दाखला घ्यायला आलेला माणूस दोघांच्या मध्ये उभा असतो.

हा नुसता खोळंब्याचा विषय नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. पुरेशा कारणाशिवाय मुदत चुकली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. खासगी ऑफिसात दंड नसतो, पण बिघाड वायरमध्ये असताना नवा प्रिंटर विकत घेतल्याची उदाहरणं कुठल्याही हार्डवेअरवाल्याला विचारा, दोन-तीन सहज सांगेल.

या भांडणात निवाडा करणारी एक वस्तू आहे. ती टेक्निशियनच्या पिशवीत टिफिनच्या शेजारी मावते. तिचं नाव नेटवर्क स्विच, पाच पोर्टांचा.

स्विच म्हणजे लाइटचं बटण नव्हे

नेटवर्क स्विच म्हणजे एक छोटी पेटी. एका बाजूला लॅन केबल खोचायच्या पाच किंवा आठ जागा, त्यांना पोर्ट म्हणतात. दुसऱ्या बाजूला अॅडाप्टरची पिन. समोर बारके दिवे. कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर यांच्या वायरी या पेटीत आल्या की ही यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात.

पूर्वी या जागी हब असायचा. हबचं काम चावडीवरच्या दवंडीसारखं होतं. एकाने काही म्हटलं की ते सगळ्यांना ऐकू जायचं, मग ज्याचं त्याने घ्यायचं. यंत्रं वाढली की गोंगाट व्हायचा. स्विच हे काम पोस्टमनसारखं करतो. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला बारा अंक-अक्षरांचा पत्ता असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. कुठल्या पोर्टमागे कुठला पत्ता आहे, हे स्विच येणारे संदेश बघून स्वतःच शिकतो. त्यानंतर प्रिंटरचा निरोप फक्त प्रिंटरच्याच पोर्टवर पाठवतो.

इथे एक बाजूला जाऊन सांगण्यासारखी गोष्ट आहे. अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने बाजारात आणला. त्याला सात पोर्ट होते. कंपनीचं नाव होतं कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीला त्यांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आज गावोगावच्या टेबलाखाली धूळ खात पडलेली पेटी त्याच खानदानातली.

मग पिशवीत वेगळा स्विच कशाला?

ऑफिसात आधीच स्विच किंवा राउटर असतो, मग टेक्निशियनने आपला कशाला न्यायचा? कारण संशयितांच्या यादीत ऑफिसचा स्विच, त्याची वायर, भिंतीतला सॉकेट हे सगळेच असतात. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीदार करून चालत नाही. टेक्निशियनचा स्विच आणि त्याच्या दोन-तीन छोट्या वायरी कालच दुसऱ्या ठिकाणी चाललेल्या असतात. म्हणजे एवढा भाग तरी ठीक आहे, हे पक्कं धरून पुढे जाता येतं.

लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच वायरीने थेट जोडले तर? चालतं. पूर्वी त्यासाठी उलटसुलट जोडणीची क्रॉस केबल लागायची. आजचे बहुतेक पोर्ट ते आपोआप सांभाळून घेतात. पण थेट जोडणीत दोघंच असतात. ऑफिसचा कॉम्प्युटर, राउटरकडून येणारी वायर, असं एकेक करून आत घ्यायचं असेल तर मध्ये स्विच हवाच.

पद्धत अशी. प्रिंटरची ऑफिसकडे जाणारी वायर काढायची. प्रिंटर आणि आपला लॅपटॉप, दोन्ही आपल्या स्विचला आपल्या वायरींनी जोडायचे. आता इथे ऑफिस नाही, इंटरनेट नाही, फक्त तीन वस्तू आहेत.

आधी दिवे बघायचे. प्रिंटरच्या पोर्टसमोरचा दिवा लागलाच नाही, वायर आणि पोर्ट बदलूनही लागला नाही, तर प्रिंटरचं नेटवर्क कार्ड गेलंय किंवा सेटिंगमध्ये वायरचं नेटवर्क बंद करून वायफाय चालू केलंय. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते. विशेषतः आदल्या दिवशी कुणीतरी 'मोबाइलवरून प्रिंट निघते का बघतो' असं म्हणून गेलं असेल तर.

दिवा लागला तर प्रिंटरच्या सेटिंग पानावरून त्याचा आयपी अॅड्रेस बघायचा. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. आपला लॅपटॉप त्याच गल्लीतला करायचा, म्हणजे त्याला १९२.१६८.१.५१ असा पत्ता हाताने द्यायचा. स्विच स्वतः पत्ते वाटत नाही, ते काम राउटरचं. मग पिंग करायचं. पिंग म्हणजे 'आहेस का रे?' असा आवाज देणं.

इथे दोन ठिकाणी भलेभले फसतात. एक, लॅपटॉपचं वायफाय चालूच राहतं आणि हाक वायरऐवजी हवेतून जाते. म्हणून चाचणीआधी वायफाय बंद. दुसरं, विंडोजमध्ये पिंगला 'रिप्लाय फ्रॉम' असं उत्तर दिसलं की लोक खूश होतात. उत्तर कुणाच्या पत्त्यावरून आलंय ते वाचायला हवं. तिथे लॅपटॉपचाच पत्ता असेल आणि पुढे 'अनरीचेबल' असेल, तर ते प्रिंटरचं उत्तर नाही, समोर कुणी सापडत नाही असं तुमचाच लॅपटॉप सांगतोय.

प्रिंटरने खरंच उत्तर दिलं, लॅपटॉपवरून प्रिंटही निघाली, की प्रिंटर निर्दोष सुटला. फार तर पंधरा मिनिटांचं काम. मग ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच स्विचला आणायचा. तोही चालला तर शेवटी राउटरकडून येणारी वायर. एका वेळी एकच गोष्ट आत घ्यायची. जी आल्यावर काम थांबलं, तिथे बिघाड.

दिव्यांच्या भाषेत बरंच काही असतं

बऱ्याच स्विचवर दिव्याचा रंग किंवा संख्या वेगानुसार बदलते. रंग कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे पेटीवरची छापील खूण बघावी. हा वेग वायरीबद्दल बोलतो. लॅन केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, १ जीबीपीएसला चारही लागतात. दोन्ही टोकांची यंत्रं गिगाबिटची असूनही दिवा १०० चाच दाखवत असेल, तर एखादी तार तुटलीय किंवा क्रिम्पिंग नीट बसलेलं नाही, असा पहिला संशय घ्यायचा. छताच्या पत्र्याखालून गेलेल्या वायरी उंदीर कुरतडतात, तेव्हा नेमकं असंच होतं. नेट बंद पडत नाही, नुसतं मंद होतं आणि सगळे कंपनीला शिव्या देत बसतात.

ही युक्ती लागू पडण्यासाठी पिशवीतला स्विच मात्र गिगाबिटचा हवा. १०० च्या स्वस्त स्विचला हा फरक दिसणारच नाही. आणि जुन्या प्रिंटरचा पोर्ट मुळातच १०० चा असतो, तेव्हा त्याच्यासमोर १०० चा दिवा लागला म्हणून वायर बदलायला धावू नये.

वायरीच्या लांबीचंही तसंच. तांब्याच्या लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. ऑफिस एका इमारतीत आणि गोदाम आवाराच्या टोकाला असेल, तर मधेच स्विच टाकून अंतर वाढवता येतं. तो स्विच मग पावसापाण्यात उघड्यावर लटकतो, ते वेगळं.

एकच पत्ता, दोन घरं

सगळ्यात डोकं फिरवणारा बिघाड म्हणजे रोज सकाळी बंद आणि संध्याकाळी आपोआप चालू. याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन यंत्रांना एकच आयपी अॅड्रेस. प्रिंटरला कुणीतरी कधीकाळी ५० नंबर हाताने दिला. राउटरला ते माहीत नाही. तो सकाळी आलेल्या एखाद्या मोबाइलला तोच ५० नंबर देऊन टाकतो. मोबाइल घरी गेला की प्रिंटर पुन्हा सापडतो.

पिशवीतल्या स्विचवर अशा वेळी प्रिंटर अगदी शहाण्यासारखा वागतो. मग उलटी चाचणी करायची. प्रिंटर आपल्याच स्विचवर राहू द्यायचा, लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला लावायचा आणि प्रिंटरच्या पत्त्यावर पिंग करायचं. प्रिंटर नेटवर्कवर नसतानाही त्या पत्त्यावरून उत्तर आलं, तर तिथे दुसरं कुणीतरी राहतंय. काही मोबाइल पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून लॅपटॉपवर 'एआरपी' ही आज्ञा देऊन त्या पत्त्यासमोर कुठला मॅक अॅड्रेस दिसतो तेही बघावं. उपाय सोपा असतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवायचा.

याचाच भाऊ म्हणजे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. कॉम्प्युटरवर तो दिसला तर समजायचं, राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच काहीतरी घेऊन वेळ मारून नेली आहे.

आणि एक अस्सल देशी प्रकार. पोर्ट कमी पडले म्हणून कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून स्विचसारखा लावतो. तो राउटर आपली जुनी सवय सोडत नाही आणि स्वतःही पत्ते वाटायला लागतो. एका ऑफिसात पत्ते वाटणारे दोघं झाले की निम्मे कॉम्प्युटर एका गल्लीत, निम्मे दुसऱ्या. जुना राउटर असा वापरायचाच असेल तर त्यातली डीएचसीपी ही सोय बंद करावी, त्याचा आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि वायर वॅनच्या नव्हे तर लॅनच्या पोर्टात लावावी. हजारभर रुपयांचा स्विच आणलेला बरा, पण जुनं वाया घालवायचं नाही ही वृत्तीही समजण्यासारखी आहे.

साधा की मॅनेज्ड?

वर सांगितलेलं सगळं साध्या स्विचवर होतं. एक गोष्ट होत नाही. स्विच पोस्टमनसारखा असल्यामुळे प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांच्यातलं बोलणं तिसऱ्या पोर्टवरच्या लॅपटॉपला ऐकू येत नाही. ते ऐकायचं असेल तर पोर्ट मिररिंगची सोय असलेला स्विच लागतो. एका पोर्टवरच्या संदेशांची प्रत तो दुसऱ्या पोर्टवर पाठवतो. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५ई किंवा नेटगियरचा जीएस१०५ई यांसारख्या पाच पोर्टांच्या छोट्या स्विचमध्ये ही सोय मिळते. साध्या स्विचपेक्षा पैसे जास्त जातात.

याची गरज कुठे पडते? झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जायचा, कॉम्प्युटर फॉरमॅट केल्यापासून जात नाही, ही तक्रार घ्या. वायर ठीक, पिंग ठीक, प्रिंटही निघते. जुन्या मशीन फोल्डरपर्यंत पोचायला एसएमबी-१ नावाची जुनी पद्धत वापरतात. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये द्यायची थांबवली. मिररिंग लावून वायरशार्क या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघितलं की मशीन जुन्या पद्धतीने दार ठोठावतेय आणि कॉम्प्युटर दार उघडत नाही, हे समोर दिसतं. मशीनचं फर्मवेअर अपडेट करणं किंवा स्कॅन ईमेलवर घेणं, हे त्यातले बरे मार्ग. एसएमबी-१ पुन्हा चालू करणं सोपं आहे, पण जी पद्धत धोकादायक म्हणून काढली तीच परत आणायची, हे शहाणपणाचं नाही.

पण दुसऱ्याच्या नेटवर्कवरचं बोलणं ऐकण्याआधी ऑफिसच्या जबाबदार माणसाची परवानगी घ्यावी, आणि ती लेखी असावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं आणि माहिती काढून घेणं हे दोन्ही येतं. दुरुस्तीला आलो होतो, एवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

लाईट, अॅडाप्टर आणि छतावरचा अँटेना

लाईट गेलेली असली तरी चाचणी थांबू नये, हा छोट्या स्विचचा मोठा फायदा. पाच पोर्टांचे अनेक स्विच ५ व्होल्टवर चालतात आणि थोडीच वीज खातात, त्यामुळे योग्य पिनची यूएसबी वायर असेल तर पॉवर बँकवरही चालतात. काही स्विच ९ किंवा १२ व्होल्टचे असतात. पिन मात्र सारखीच बसते, आणि ५ व्होल्टच्या स्विचला राउटरचा १२ व्होल्टचा अॅडाप्टर लावला की धूर निघायला वेळ लागत नाही. पेटीच्या पाठीमागे लिहिलेला आकडा आणि अॅडाप्टरवरचा आकडा जुळवून बघायचा, प्रत्येक वेळी.

कॅमेऱ्यांचं प्रकरण आणखी वेगळं. आयपी कॅमेरे आणि टेबलावरचे आयपी फोन बरेचदा लॅन केबलमधूनच वीज घेतात, त्याला पीओई म्हणतात. २००३ च्या मानकात एका पोर्टमागे १५.४ वॅट होते, २००९ मध्ये ते ३० झाले. साध्या स्विचला असा कॅमेरा लावला तर तो चालूच होणार नाही, म्हणून तो बिघडलाय असं ठरवू नये. मानकाप्रमाणे बनवलेला पीओई स्विच समोरच्या यंत्राला वीज हवी आहे का हे आधी तपासतो, मगच सोडतो. त्यामुळे त्याला लॅपटॉप लावला तरी सहसा धोका नसतो.

धोका असतो छतावरच्या अँटेनाचा. फायबर न पोचलेल्या ठिकाणी नेटवाले डिश किंवा अँटेना बसवतात. त्याच्या वायरीत अनेकदा २४ व्होल्ट न विचारता सोडलेले असतात. इंजेक्टर नावाच्या काळ्या पेटीच्या दोन भोकांपैकी 'पीओई' लिहिलेल्या भोकातून निघणारी वायर लॅपटॉपला किंवा चाचणीच्या स्विचला लावली तर पोर्ट जळू शकतो. लॅपटॉप लावायचा तो 'लॅन' लिहिलेल्या भोकाला.

ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी असेल तर रचना वेगळी दिसते. २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या या योजनेत फायबर ओएनटी नावाच्या पेटीत येऊन संपतो. तिथून पुढे साधी लॅन केबल. ओएनटीवर फायबरचा लाल दिवा असेल तर आतल्या स्विचशी खेळून काही निघणार नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडला असेल तर वाशिमहून आलेल्या टेक्निशियनच्या हातात फक्त दिव्याचा फोटो काढून तक्रार नोंदवणं उरतं. तो फोटो वेळेसह असला की 'आमच्याकडून चालू आहे' हे उत्तर फार टिकत नाही, आणि दाखल्याला उशीर का झाला हे दाखवायला ऑफिसलाही कामी येतो.

जाताना काढून न्यायचा

चाचणीचा स्विच 'राहू द्या, पुढच्या वेळी न्या' असं म्हणून मागे ठेवला जातो. तो मग टेबलाखाली कायमचा मुक्काम करतो. कधीतरी झाडूपोछा करताना एक वायर सुटते आणि कुणीतरी भल्या मनाने तिचं मोकळं टोक समोर दिसेल त्या पोर्टात खोचतं. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की संदेश गोल फिरायला लागतात, वाढतात, आणि काही क्षणांत सगळं ऑफिस ठप्प होतं. हा फेरा तोडण्याची युक्ती रेडिया पर्लमन या संगणक अभियंत्याने १९८५ मध्ये शोधली होती. तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. पण स्वस्त साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते.

असं झालं तर ओळखू येतं. सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच वेळी, एकाच लयीत, न थांबता लुकलुकत असतात. अशा वेळी एकेक वायर काढत जायचं. जी काढल्यावर दिवे शांत झाले, तिचं दुसरं टोक शोधायचं. आणि ऑफिसला खरंच जास्त पोर्ट हवे असतील तर नवा स्विच बसवून प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावावी, त्यावर मार्करने 'प्रिंटर', 'कॅमेरा', 'राउटर' असं मराठीत लिहावं. पुढच्या वेळी टेक्निशियन यायच्या आधीच अर्धी चौकशी फोनवर होते.